काकांचा पाइप, काकूचं नाक

काकांचा पाइप सापडला तो त्यांच्या ड्रॉइंगच्या पेटीत. सदाशिव पेठेतला वाडा पाडायला दिला तेव्हा जे सामान नव्या फ्लॅटच्या माळ्यावर चढलं, ते नऊ वर्षं उतरलंच नव्हतं. गेल्या मार्गशीर्षात काकूला गुरुवारच्या पूजेसाठी तिचं पितळी तबक हवं झालं. मी स्टुलावर चढलो आणि तबकाच्या आधी हाताला पेटी लागली. आत निळं मखमल, कंपास, डिव्हायडर, रेघा मारायचं पेन, सगळं आपापल्या खाचेत. मोठ्या कंपासाची खाच तेवढी रिकामी आणि तिच्यात तिरका बसवलेला पाइप.

काका खडकीला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. संध्याकाळी सायकलवरून यायचे, चहा घ्यायचे आणि मागच्या गॅलरीत पाइप ओढत बसायचे. चुलत, आत्ये, मावस मिळून आम्ही सात भावंडं. सातांतल्या कुणालाही विचारा, काका म्हटलं की आधी तो वास आठवतो. गोडसर, उबदार, दिवाळीच्या आदल्या रात्रीच्या स्वयंपाकघराच्या जवळपासचा. तो आठवून मी पाइप नाकाशी नेला, तर वास आला मोरीच्या जाळीचा.

"टाकून दे," काकू म्हणाली. पेटी मात्र तिनं स्वतःजवळ ठेवून घेतली.

मी बावन्न वर्षांचा. कॉलेजात चार सिगारेटी ओढल्या, खोकलो, सोडल्या. पाइप ओढायचा माझा काही विचार नव्हता, फक्त साफ करायचा होता. एवढ्यासाठी पाइप क्लीनर लागतात हे कळल्यावर बोहरी आळीत गेलो. एका दुकानदारानं तुंबलेल्या मोरीत टाकायची पावडर पुढे केली आणि विचारलं, "पाइप कसलाय, पीव्हीसी का?" मी म्हटलं, "लाकडी." त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. अप्पा बळवंत चौकात शाळेच्या क्राफ्टचे रंगीबेरंगी केसाळ क्लीनर मिळाले खरे, पण त्यांचा धागा पॉलिस्टरचा. ओल शोषून घेतच नाही, नुसती इकडची तिकडे करतो.

शेवटी उपाय घरातच निघाला. काकू दुपारी टीव्हीसमोर बसून समईच्या वाती वळते. त्यातल्या मूठभर लांब वाती मी उचलल्या, बारीक तारेवर पिळून घेतल्या, केमिस्टकडून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवल्या आणि नळीत सारल्या. पहिली बाहेर आली ती काळीकुट्ट. अकरावी चहाच्या रंगाची. काकू चष्म्यावरून बघत होती. "देवाच्या वाती आहेत त्या," एवढंच म्हणाली आणि पुढच्या वाती जरा लांब वळायला लागली.

तंबाखू भरतात त्या वाटीच्या आत पोळलेल्या दुधाच्या पातेल्यासारखी खरपुडी जमली होती. ती सगळी काढायची नसते. जळत्या तंबाखूपासून लाकडाला वाचवतो तो हाच कोळशाचा थर, पण फार जाड झाला तर तापल्यावर फुगतो आणि लाकूड तडकवतो. नाण्याच्या जाडीएवढा ठेवायचा म्हणतात. काकांच्या वाटीत माझी करंगळीसुद्धा धड जात नव्हती. चाकू लावला तर भोकाचा गोलपणा जातो, म्हणून मार्कर पेनाला पॉलिश पेपर गुंडाळून तीन संध्याकाळी हळूहळू फिरवत बसलो. मग वाटीत कापूस भरला, त्यावर अल्कोहोल टाकलं आणि रात्रभर ठेवून दिलं. सकाळी कापूस काकवीच्या रंगाचा.

तोंडात धरायची नळी खरी काळी, पण ती हिरवट-मातकट झाली होती. हे व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून पक्कं केलेलं रबर. उजेडानं आणि हवेनं पृष्ठभाग बिघडतो आणि रंग असा जातो. चारशे, हजार, दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, शेवटी टूथपेस्ट आणि जुन्या धोतराचा तुकडा. काळा रंग परत आला तेव्हा नळीवर काकांच्या दातांच्या दोन खुणा दिसल्या, वर एक आणि खाली एक. त्या मी घासल्या नाहीत.

लाकडाबद्दल दोन शब्द, कारण इतका वेळ हातात धरलं की माणूस चौकशी करतोच. याला ब्रायर म्हणतात. भूमध्य समुद्राकाठच्या रुक्ष डोंगरांवर एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप असतं, त्याच्या मुळाशी येणारी ही गाठ. खणून काढून तासन् तास उकळतात, मग महिनोन् महिने सावकाश वाळवतात आणि त्यानंतर तासतात. चटकन जळत नाही आणि धुरातली ओल पिते. फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावाची तर दीडशे वर्षांहून अधिक काळ यावरच ओळख आहे. काकांच्या पाइपवरची अक्षरं झिजलीत, 'लंडन' तेवढं वाचता येतं.

आता इतकं सगळं करून पाइप कोरा ठेवायचा? लेस्टरहून आलेल्या भाच्यानं येताना तंबाखूचे दोन डबे आणले होते, पन्नास-पन्नास ग्रॅमचे. सव्वाशे ग्रॅमपर्यंत कस्टम काही म्हणत नाही. दोन्ही डबे सॅम्युएल गॉइथ या इंग्लंडातल्या केंडल गावच्या जुन्या घराण्याचे. एक फुल व्हर्जिनिया फ्लेक, दुसऱ्याचं नावच १७९२, पेढी सुरू झाली ते साल. मला साल आवडलं म्हणून मी तो उघडला. फ्लेक म्हणजे पानं दाबून वडी करायची आणि तिचे पातळ काप काढायचे. डब्यात आंबापोळीच्या काळपट पट्ट्या रचल्यासारखं दिसतं.

रविवारची सकाळ, पोटात फक्त चहा. पट्टी हातावर चोळून मोकळी केली आणि भरली. जुने पाइपवाले सांगतात, पहिली चिमूट लहान मुलाच्या हातानं भरावी, दुसरी बाईच्या आणि तिसरी पुरुषाच्या. मी तिन्ही पैलवानाच्या हातानं भरल्या. हवा येईना, म्हणून जोरजोरात ओढलं. दहा मिनिटांत गॅलरीचा कठडा हलायला लागला, कपाळावर गार घाम आला. काकूनं काही विचारलं नाही, गुळाचा खडा आणि पाणी आणून ठेवलं. "यांचंही पहिल्यांदा असंच झालं होतं," ती म्हणाली. "फक्त ते कठड्यावरून खाली ओकले. खाली देशपांड्यांची गादी वाळत होती."

पाइपचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच खेळवायचा. पण म्हणून निकोटिन चढत नाही असं नाही. तोंडाच्या आतल्या कातडीतूनही ते जातं. भट्टीच्या गरम हवेत वाळवलेल्या पिवळ्या व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी, त्यातून कमी जातं. सावलीत नुसत्या हवेवर वाळवलेल्या बर्लीचा आणि काळ्या पानांचा धूर क्षारधर्मी, त्यातून भरभर. माझ्या डब्यात काळं पान भरपूर होतं आणि पोट रिकामं. डबेवाल्याचा काही दोष नाही.

दुसरी खोड तिथल्या तिथे केली. गरम पाइपची नळी उपटली. पाइप पूर्ण गार झाल्याशिवाय नळी काढू नये हे कुणीही सांगेल. मला कळलं ते कट्ट असा आवाज आल्यावर. वाटीच्या दांड्यात बसणारी नळीची खुंटी आतच राहिली.

मोडलेली नळी दुरुस्त करून देणारा पुण्यात कोण? पाइपवाला कुणी नाही, पण लेथवाले रगड. नाना पेठेतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. जाण्याआधी काकूकडून पेटी मागून घेतली आणि काकांच्याच पेनानं खुंटीचं ड्रॉइंग काढलं, दुप्पट मापात, आतल्या साडेतीन मिलिमीटरच्या भोकासकट. टर्नर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यानं कागद सरळ धरला, पाइप उलटासुलटा केला, व्हर्नियर लावलं आणि विचारलं, "फिट कसा पाहिजे? हातानं निघणारा ना?" अडकलेला तुकडा ड्रिलनं काढला, नळीत भोक पाडलं, डेलरिन नावाच्या टणक प्लास्टिकच्या रॉडमधून नवी पांढरी खुंटी काढून चिकटवली. शेवटी दोन दशांश मिलिमीटर कमी करावं लागलं. तो खुंटी दांड्यात घालायचा, काढायचा, पुन्हा लेथला लावून केसभर घ्यायचा. पाचव्या वेळेला ती हवेचा बारीक 'फुस्' करून आत गेली तेव्हा तो हसला. पैसे विचारले तर म्हणाला, "चहा सांगा दोन."

इथून पुढे मी ओढायला शिकलो. शिकलो म्हणजे हळू व्हायला शिकलो. तंबाखू भरल्यावर चोखून बघायचं. स्ट्रॉमधून ताक पिताना जेवढा अडथळा लागतो तेवढा लागला पाहिजे. काडी पेटवली की डोक्यावरचा गंधक जळून जाऊ द्यायचा, नाहीतर पहिला झुरका फटाक्याचा. पहिल्या काडीनं वरचा थर फुगून वर येतो. तो खिळ्याच्या चपट्या डोक्यानं हलकेच दाबायचा आणि दुसरी काडी लावायची. (ठासायला खास अवजार मिळतं. मी चार इंची खिळा वापरतो.) मग ओढायचं जवळजवळ नाहीच. नुसता श्वास चालू ठेवायचा, निखारा त्याच्यावर जगतो. घाई केली की धूर तापतो, जीभ पोळते आणि दुसऱ्या दिवशी आमटीसुद्धा झोंबते. वाटी बाहेरून हाताला सोसेनाशी झाली की समजायचं, आपण ओढत नाही, फुंकतोय. विझला तर विझू द्यायचा. माझा एका बैठकीत पाच वेळा विझतो आणि मला त्याचं काही वाटेनासं झालंय.

तंबाखू ओला असतो हेही उशिरा कळलं. डब्यातून काढून थेट भरला की नळीत गुरगुर होते, गळका नळ असल्यासारखी. कागदावर पसरून ठेवायचा. एप्रिलमध्ये गॅलरीत पंधरा मिनिटांत पापडासारखा कुरकुरीत होतो. जुलैत रात्रभर ठेवलात तरी सकाळी जसाच्या तसा.

पण मला हवा होता तो वास काही येत नव्हता. कॅम्पातल्या एका दुकानातून कॅप्टन ब्लॅकचं पांढरं पाकीट आणलं. तो कॅव्हेंडिश. ही तंबाखूची जात नाही, पानाला वाफ आणि दाब देऊन मऊ, गोड करायची रीत आहे, वर व्हॅनिलाचा वास. पाकीट उघडताच मी खूश झालो, हाच असणार. पेटवला आणि तोंडात नुसती गरम हवा, जराशी गोड. बंद पाकिटाचा वास वेगळा, तोंडातली चव वेगळी आणि खोलीत पसरतो तो वास तिसराच. गंमत अशी की ओढणाऱ्याला हा तिसरा वास जवळपास कळतच नाही. नाक धुराला सरावतं. म्हणजे आम्ही सातही भावंडं ज्याला काकांचा वास म्हणत होतो, तो काकांना कधी धड आलाच नसेल! मी कितीही ओढलं तरी मला तो ओळखता येणार नव्हता. बाहेर कुणीतरी बसायला हवं होतं.

काकूला विचारलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. अट एकच, मी गॅलरीत आणि ती आत स्वयंपाकघरात, मधलं दार उघडं. दर रविवारी साडेपाचला.

पहिला कॅप्टन ब्लॅक. "हा केक. तुझे काका केक ओढत नव्हते."

मग डब्यातला व्हर्जिनिया फ्लेक. मला यात फारच मजा आली. चव सुक्या अंजिराची, खालून वाळल्या कडब्याची, तळाशी जाता जाता मिरमिरीत. तासभर पुरतो. व्हर्जिनियात साखर भरपूर असते, म्हणून घाई करणाऱ्याची जीभ पहिल्यांदा हाच चावतो आणि धीर धरणाऱ्याला सगळ्यात जास्त हाच देतो. माझा आवडता आजही तोच. आतून आवाज आला, "छान आहे, पण नाही."

दुबईच्या एका मित्रानं माय मिक्श्चर ९६५ आणून दिला. लंडनला डनहिलच्या दुकानात गिऱ्हाइकांची स्वतःची मिश्रणं वहीत नंबर घालून लिहून ठेवत, त्या पठडीतला हा ९६५. २०१८च्या सुमाराला तंबाखूच्या डब्यांवरून डनहिल हे नाव गेलं, आता तेच मिश्रण पीटरसनच्या नावानं मिळतं. यात लाटाकिया असतो. पानं टांगून खाली ओक, पाइन, मर्टलची लाकडं जाळतात आणि त्या धुरात आठवडेच्या आठवडे मुरू देतात. सीरियातल्या लाटाकिया बंदराचं नाव, पण आता येतो तो सायप्रसहून. मी दुसरा झुरका घेतला नाही तोच काकू दारात. "बंब पेटवलाय का कुणी?" नंतर अर्धा तास वाड्यातला बंब, त्याची राख कुणी काढायची यावरून झालेली भांडणं, चिंचेच्या ढलप्या आणि पावसाळ्यातलं ओलं सरपण. तंबाखू राहिला बाजूला. पाइपला मात्र तो वास असा धरला की पुढची चार मिश्रणं बंबातून काढल्यासारखी लागली. लाटाकियाला वेगळा पाइप ठेवावा, हे आता मीही इतरांना सांगतो.

एकदा पेरिक घातलेलं मिश्रण होतं. अमेरिकेत लुइझियानातल्या सेंट जेम्स भागात ही पानं पिंपात दाबून, वर वजन ठेवून महिनोन् महिने आंबवतात. मिरीसारखा खाट येतो. काकूला त्या कृतीत रस. "म्हणजे लोणच्यासारखं म्हण की. खार सुटतो का?" सुटतो. पानांचाच काळा रस सुटतो आणि ती त्यातच मुरतात. तिनं मान डोलावली. "पण हाही नाही."

मध्येच एका रविवारी ती म्हणाली, "ही सगळी इंग्रजांची थेरं." तेव्हा मी माझं ज्ञान पाजळलं. इंग्रजांचं राज्य यायच्या कितीतरी आधी, १६०४च्या सुमाराला, अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. त्यानं तिथे तंबाखू पाहिला आणि रत्नजडित नळी-चिलमीसकट बादशहाला नेऊन दिला. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. हकिमानं विरोध केला होता.

"मग हकिमाचं ऐकलं का त्यानं?"

"बादशहानं पुढे फारसं ओढलं नाही. दरबाऱ्यांनी सुरू केलं."

"तू दरबारी," काकू म्हणाली.

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. काका हृदयविकारानं गेले आणि त्यात पाइपचा हात नव्हता असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. छातीत धूर घेत नाही म्हणून आपण सुटलो, ही पाइपवाल्यांची आवडती समजूत. तोंडाचा कर्करोग काही छातीतून येत नाही. आमच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी आरशानं जीभ उचलून मला हे नीट ऐकवलंय. म्हणून आठवड्यात एक रविवार, एक वाटी आणि तीही गॅलरीत. काका संभाजी बागेतल्या बाकावर बसूनही ओढत. २ ऑक्टोबर २००८पासून बऱ्याच सार्वजनिक जागी धूम्रपान बंद झालं, दोनशे रुपयांपर्यंत दंड. बरंच झालं म्हणतो मी.

आषाढातल्या एका रविवारी अँफोराचं पाकीट फोडलं. मूळचं डच नाव. व्हर्जिनिया आणि बर्ली, वरून बेताचा गोडवा. बर्लीत स्वतःची साखर जवळपास नसते. भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कोरडी चव, आणि जे वरून लावाल ते पिऊन घेते. मला जरा सपक वाटला. बाहेर पाऊस होता, धूर वर जाईना, आडवाच आत शिरत होता. स्वयंपाकघरातला कुकर बंद झाल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी वळून बघितलं तर काकू ओट्याशी उभी, हातात चिमटा तसाच.

"निम्मा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे निम्मा आला. निम्मा राहिला." गॅस पुसून झाल्यावर ती बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. "तुझे काका पाकिटात कुठे ठेवायचे? एक पाकीट तीन महिने पुरवायचे, पाकिटात वाळून भुगा व्हायचा. माझा फिरकीचा डबा पळवला होता त्यांनी. वेलदोड्यांचा. दसऱ्याला श्रीखंड करायला घेतलं, तर वेलदोडे वर्तमानपत्राच्या पुडीत आणि डब्यात तंबाखू. दोन दिवस बोलले नव्हते मी."

"आणि श्रीखंड?"

"केलं. तुम्ही सगळ्यांनी तंबाखूच्या वासाचं श्रीखंड खाल्लंय. वाडगी चाटून."

डबा तिच्याकडेच होता. त्यात आता सुट्टे पैसे ठेवते. पैसे तिनं ताटलीत ओतले, डबा चिंचेनं घासला, उन्हाची वाट बघण्यात तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी गॅसजवळ ठेवून कोरडा केला. मग आठ दिवस नुसत्या वेलदोड्याच्या साली भरून झाकण घट्ट फिरवलं. वेलदोडे घालूया म्हटलं तर म्हणाली, भाव विचारून ये. आठ दिवसांनी साली काढल्या, आतून पुसला नाही आणि माझ्याकडून अँफोरा घेऊन स्वतःच्या हातानं भरला. दाबून नाही, मोकळा. लहान मुलाच्या हातानं.

किती दिवस लागतील विचारलं तर बोटं मोजली आणि पितृपक्षाच्या आधी नको म्हणाली. डबा आता लोणच्याच्या बरणीशेजारी आहे. बरणीवर असते तशीच चिठ्ठी त्यावरही डिंकानं चिकटवली आहे, काकूच्या अक्षरात. वर तारीख आणि खाली: 'मुरत आहे. उघडू नये. विचारू नये.'